पहिल्या काठीचा हक्क

माझा पुतण्या कॅनडात असतो. गेल्या दिवाळीला आला तो बर्फावरच्या हॉकीचं खूळ डोक्यात घेऊनच आला. जेवताना, चहा पिताना, हातातल्या मोबाइलवर सारखं तेच. एका दुपारी मला समजावू लागला, "काका, तिकडे गंमत असते. जी टीम शेवटच्या नंबरला येते तिला पुढच्या वर्षी नव्या पोरांतून पहिला गडी निवडायचा हक्क मिळतो. म्हणून काही टीम मुद्दाम हरतात म्हणे. पण पहिला गडी मिळाला की चॅम्पियन होतातच असंही नाही. लोक या गोष्टीवरून तासन् तास भांडत असतात."

मी म्हटलं, "हा कायदा आमच्या गावात होता. सत्तरच्या सालांत."

तो हसला. "काका, तुमच्या गावात बर्फ होता?"

"बर्फ जत्रेत गोळेवाला घेऊन यायचा तेवढाच. बाकी सगळं होतं."

बाकी सगळ्यात मुद्दाम हरणंही आलं. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही. या वयात पुतण्यासमोर आपली अब्रू स्वतःच्या हाताने काढायची हौस मला नाही. इथे सांगतो, कारण लिहिताना समोर कुणी हसत बसलेलं नसतं.

आमचं गाव जऊळक्याच्या पलीकडे, रुळाला खेटून. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यातले. अरुंद रूळ, कोळशाचं इंजिन, दिवसातून मोजक्या गाड्या. गावात हॉकी आणली ती रेल्वेच्या मुकादमाने. रूळ दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या टोळीला आम्ही गँग म्हणायचो, त्या गँगचा हा मुकादम. हैदराबादकडचा माणूस. बोलायचा हिंदीत, आणि आमच्यात राहून शिव्या मात्र अस्सल वऱ्हाडी द्यायला शिकला होता. तरुणपणी रेल्वेच्या टीममधून खेळलेला. बदली होऊन आला तेव्हा ट्रंकेबरोबर गोणपाटात बांधलेल्या सात-आठ जुन्या हॉकी स्टिका घेऊन उतरला. हा बुवा इतक्या वाकड्या काठ्या कशाला बाळगतो म्हणून गाव आधी पोट धरून हसलं. सहा महिन्यांत गावच्या सुताराच्या दारात बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन पोरांची रांग लागली होती.

स्टेशनामागच्या गायरानावर मैदान झालं. आम्ही दगड वेचले, गोखरू उपटला, बैलांचा वखर फिरवून जमीन सारखी केली. गोलाचे खांब म्हणून रेल्वेच्या कामातून गेलेले लाकडी स्लीपर उभे पुरले. दुपारच्या उन्हात त्या लाकडांतून डांबराचा वास सुटायचा. आजही कुठे रस्त्याचं काम चालू असलं आणि डांबर तापत असलं की मी उगाच दोन मिनिटं थांबतो. बायको म्हणते, ठेकेदार तुम्हीच आहात जसे. गोल राखणाऱ्याला आम्ही गोलकी म्हणायचो. त्याच्या पायांना बांधायला गोणपाटात कापूस ठासून पॅड शिवले होते. कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता.

मुकादमाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून टाकली. "टीम मोहल्ले की नहीं बनेगी. मैदान की बनेगी." तो नसता तर पाटलांची पोरं एकीकडे, बौद्धपुऱ्यातली एकीकडे, रेल्वेवाले तिसरीकडे, असंच झालं असतं, दुसरं काही आम्हाला सुचलंच नसतं. म्हणून टीमांना नावं पडली मैदानाच्या चार बाजूंची. इंजिनात पाणी भरायच्या टाकीकडची ती टाकी. तशीच निंब, विहीर आणि सिग्नल. मी सिग्नलचा, आणि पुढे सिग्नलचा कप्तान.

दरवर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, नवे गडी वाटले जायचे. त्या दिवशी कुणी शेतात कामाला हात लावत नसे, म्हणून अख्खा गाव मोकळा. मैदानाच्या मधोमध नव्या गड्यांनी आपापल्या काठ्या जमिनीवर ठेवायच्या. ज्याला आपली टीम सोडायची असेल त्यानेही तिथेच काठी ठेवायची. मग कप्तानाने पुढे व्हायचं, एक काठी उचलायची आणि ज्याची त्याच्या हातात द्यायची. नाव घ्यायचं नाही. काठी हातात आली की तो गडी तुमचा. मागच्या साली शेवटच्या नंबरला आलेली टीम पहिली काठी उचलणार आणि चॅम्पियन टीम शेवटची.

पण पहिली काठी फुकट मिळत नसे. शेवटच्या नंबरच्या कप्तानाला काठ्या ठेवण्याआधी सगळ्यांसमोर मध्ये उभं राहून म्हणावं लागायचं, "आमी जीव लावून खेळलो, तरी हरलो." मुकादमाची अट होती ती. म्हणताना भल्याभल्यांची मान खाली जायची. कुणी पुटपुटलं तर मुकादम म्हणायचा, "जोर से. पीछे वालों को सुनाई नहीं दिया."

आता मागे वळून पाहिलं तर पुतण्या सांगत होता त्या भांडणाचं उत्तर तेव्हाच आमच्या डोळ्यांसमोर होतं. विहिरीवाले सालोसाल पहिली काठी उचलायचे, आणि सालोसाल तळालाच असायचे. चांगला गडी यायचा, दोन महिन्यांत त्यांच्यासारखाच कंटाळून खेळायला लागायचा. टाकीवाल्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक साली उरलीसुरली काठी. त्यांचा कप्तान पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा, शांत माणूस. त्याचे अकराही गडी रोज सकाळी टाकीखाली जमायचे, गळक्या पाइपाखाली तोंड धुवायचे आणि तासभर नुसता बॉल एकमेकांना देत राहायचे. पाहणाऱ्याला जांभई यावी असा खेळ. आणि जास्त फोटो मात्र त्यांचेच.

फोटोचं सांगायचं राहिलं. करीनंतर दोन महिने मॅचेस चालायच्या, आणि जी टीम चॅम्पियन होईल ती होळीच्या आधी रेल्वेने अकोल्याला जायची आणि स्टुडिओत फोटो काढून यायची. मागे रंगवलेलं तळं, तळ्यात हंस, पुढे खुर्च्यांवर पाच, मागे सहा, हातात काठ्या. तो फोटो स्टेशनासमोरच्या चहाच्या हॉटेलात लागायचा. तिथे टाकीचे तीन होते आणि निंबाचे दोन. सिग्नलचा एकही नव्हता. मी बावीस वर्षांचा होतो, घरी कापूस होता, ज्वारी होती, बैलजोडी होती, लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या. पण मला हवा होता तो फोटो. चहा पिताना माझी नजर भिंतीवरच्या रिकाम्या जागेवर जायची आणि चहा कडू व्हायचा.

आमची टीम वाईट नव्हती. याचं कारण आमचा गोलकी. गँगमध्ये खलाशी, म्हणजे मजूर, होता तो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, सातवीपर्यंत माझ्याच शाळेत. अंगाने आडवा, बोलायला कमी. दिवसभर रुळाखाली खडी ठोकून संध्याकाळी पॅड बांधून उभा राहायचा. त्याच्या हातावर, मांडीवर, बरगडीवर बॉलचे गोल निळे डाग असायचे. कुणी विचारलं तर म्हणायचा, "टिक्का लावला देवानं." आणि देव मानत नसल्यामुळे स्वतःच हसायचा.

त्याचा बाप आधी त्याच गँगमध्ये होता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, ताठ मानेचा म्हातारा. एक मॅच चुकवायचा नाही. बाकी लोक बाजूला निंबाच्या सावलीत बसायचे, हा मात्र पोराच्या गोलामागे उन्हात उभा. पोराने गोल अडवला की टाळी वाजवायचा नाही, फक्त शेजाऱ्याकडे पाहायचा, पाहिलं ना, अशा नजरेने. शेजारी कुणी नसलं तर स्लीपरच्या खांबाकडे पाहायचा.

त्या साली मॅचेस अर्ध्यावर आल्या असताना हायस्कूलला नवा ड्रिल मास्तर रुजू झाला. अमरावतीला शिकून आलेला. पहिल्याच संध्याकाळी मैदानावर आला, मुकादमाची काठी मागून घेतली आणि बॉल काठीला चिकटवल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन गेला. आम्ही तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. नियमाप्रमाणे त्याला त्या साली खेळता येत नव्हतं. त्याची काठी येत्या करीला मैदानात येणार होती.

आणि तेव्हा गुणांची गत अशी होती की टाकी आणि निंब वर गेले होते. आमची शेवटची मॅच विहिरीशी. जो हरेल तो चौथा. जो चौथा, त्याची पहिली काठी.

हे गणित गावात कुणीच केलं नसेल असं नाही. पण केलं तरी कुणी बोललं नाही. मी मात्र रात्रंदिवस तेच करत होतो. मला ड्रिल मास्तर खुर्चीवर मध्ये बसलेला दिसायचा, शेजारी मी, मागे हंस.

शनिवारी दुपारी मी रुळाच्या कडेकडेने चालत गँग काम करत होती तिथे गेलो. गोलकी एका पळसाखाली बसून भाकरी खात होता. सोबत ठेचा आणि कांदा. मी शेजारी बसलो आणि आडवळणाने न जाता सांगून टाकलं, की उद्या दोन गोल सोड.

त्याने घास खाली ठेवला. "सोडू मंजे?"

"मंजे सोड. बाकीच्या पोरायले काई सांगत नाई म्या. ते आपले खेळतीन. तू दोन सोड. येत्या साली मास्तर आपला, फोटो आपला."

"माहा बाप मांगं उभा राह्यते ना बे."

"तुह्या बापाले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. पन्नास वर्षं झाली, बाकी संभाषणातला एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल, हा झालेला नाही.

त्याने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाला, "कप्तान तू हायेस. तू मनशील तसं. पन कोनी मले इचारलं तं म्या काई सांगनार नाई. सांगाचं असन तं तूच सांगजो."

"सांगीन ना. गडी मिळू दे, मंग मीच हसत हसत सांगीन सगळ्यायले."

खरंच मला तसंच वाटलं होतं. एकदा फोटो निघाला की हा सगळा एक किस्सा होईल, लोक माझ्या हुशारीला दाद देतील. इतका मूर्ख होतो मी.

रविवारी त्याने मी सांगितल्याप्रमाणे केलं. पहिला बॉल त्याच्या दोन पायांतून गेला. लोक हसले, कारण त्याच्या पायांतून बॉल गेलेला कुणी कधी पाहिला नव्हता. दुसरा त्याच्या उजव्या हाताला आला. तो एक पाऊल डावीकडे सरकला आणि बॉल आत गेल्यावर उजवीकडे पडला. लांबून ते नीट दिसलं असतं असं नाही. पण गोलामागे उभं राहिलेल्या माणसाला ते पाऊल दिसणारच होतं. मी वळून पाहिलं तेव्हा म्हातारा रुळाकडे चालू लागला होता. मॅच संपायला अजून वेळ होता.

दोन दिवसांत गावात बोललं जाऊ लागलं. गोलकीच्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि त्यात त्याने टेरिकॉटचा शर्ट शिवला होता, फिक्या निळ्या रंगाचा. तेव्हा टेरिकॉट म्हणजे चैन होती. कुणीतरी हॉटेलात म्हणालं, की विहिरीच्या कप्तानाचं तर कापडाचं दुकान आहे. एवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत गोलकी शर्टावर विकला गेला होता. दुकानदार बिचारा शपथा घेत राहिला, पण तो जितकं नाही म्हणायचा तितकं लोक डोळे मिचकावायचे.

मी तिथेच बाकावर बसलेलो असायचो. एकाने तर मलाच विचारलं, "काहो कप्तान, तुमाले समजलं नाई काय त्याच्या मनात काय चाललं ते?" मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसलो. म्हटलं, करीपर्यंत थांबू. आत्ता सांगितलं तर पहिली काठी जाईल.

दहा महिन्यांनी करीचा दिवस आला. थंडी होती, मुकादम मफलर गुंडाळून आला होता. मी मध्ये उभा राहिलो. समोर चारही टीमा, मागे गाव. आमच्या टीममध्ये अगदी कडेला गोलकी. मी त्याच्याकडे न पाहता म्हणालो, "आमी जीव लावून खेळलो, तरी हरलो."

मुकादम म्हणाला, "जोर से."

मी जोरात म्हणालो.

मग काठ्या ठेवायची वेळ झाली. ड्रिल मास्तरने आपली नवी कोरी, पॉलिश केलेली काठी ठेवली. दोन नव्या पोरांनी ठेवल्या. आणि आमच्या रांगेतून गोलकी निघाला, शांतपणे चालत मध्ये गेला आणि चौथी काठी ठेवून परत बाजूला उभा राहिला. जाड, आखूड, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. गावात ती काठी न ओळखणारा कुणी नव्हता. लोकांत कुजबुज झाली. त्यांना वाटलं, आम्ही त्याला काढून टाकला.

पहिली काठी उचलायची माझी पाळी होती. मी मास्तरच्या आणि गोलकीच्या काठ्यांच्या मध्ये उभा होतो. मला हे कळत होतं की सुतळीची काठी उचलून त्याच्या हातात दिली तर काही न बोलताही अर्धं सांगून होईल. विकल्या गेलेल्या गड्याला पहिल्या काठीला कोण उचलतं? गावाला विचार करावा लागला असता. त्यालाही तेच हवं असेल, म्हणून तर त्याने काठी ठेवली. मी वाकलो आणि पॉलिशची काठी उचलली.

विहिरीने एक नवा पोर घेतला, निंबाने दुसरा. सुतळीची काठी एकटी उरली. टाकीच्या पॉइंट्समनला पर्यायच नव्हता, पण त्याने ती अशी उचलली जशी तीच हवी होती. धूळ पुसली आणि गोलकीच्या हातात देताना म्हणाला, "उद्या सकायी टाकीखाली ये. पाचाले."

पुढचे दोन महिने आम्ही गोल केले खूप, आणि खाल्लेही. ड्रिल मास्तर सुंदर खेळायचा. इतका सुंदर की बाकीचे दहा जण खेळायचं सोडून त्याला पाहत उभे राहायचे, त्यांत मीही. बॉल मिळाला की आम्ही त्याच्याकडे ढकलायचो आणि कंबरेवर हात ठेवायचो. गोलात उभा केलेला आमच्यातलाच एक पोर बॉल आला की तोंड फिरवायचा. आपला गोलकी गोलात असताना आम्ही मागे वळून पाहत नसू. आता सारखं मागे पाहावं लागायचं, आणि मागे पाहणाऱ्याला पुढचं दिसत नाही. तरी मास्तरच्या एकट्याच्या जोरावर आम्ही शेवटच्या रविवारपर्यंत टाकीच्या बरोबरीला पोचलो. त्या दिवशी जिंकेल त्याचा फोटो.

मास्तरने त्या दिवशी किती बॉल मारले असतील, मोजले नाहीत. गोलकीने पायाने अडवले, छातीने अडवले, एक तर जमिनीवर आडवा होऊन खांद्याने अडवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खुन्नस नव्हती, रोज खडी ठोकताना असायचा तोच चेहरा होता. त्याच्या गोलामागे कुणीही उभं नव्हतं. वर्षभर कुणी उभं राहिलं नव्हतं. शेवटी टाकीने एकच गोल केला, तोही कंटाळवाणा, सहा जणांनी बॉल इकडून तिकडे देत देत. तेवढा पुरला.

मॅचनंतर सगळे हॉटेलात जमले. टाकीवाल्यांचा चहा चालला होता. गोलकी बाकावर बसून पॅडच्या गाठी सोडत होता, तेवढ्यात एक जण हसून म्हणाला, "वा रे गड्या! मांगच्या साली इहिरीच्या टायमाले असा खेळला असता तं? तवा टेरिकॉट आडवं आलं काय?"

लोक हसले. गाठ घट्ट बसली होती ती तो दाताने ओढत राहिला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याले म्याच सांगतलं होतं. गोल सोड म्हणून म्याच सांगतलं होतं."

मी काही मोठं मन करून बोललो नाही. हरल्याची चीड होती, भिंतीवरची ती रिकामी जागा आता माझी होणार नव्हती हे कळलं होतं, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं होतं. सगळं एकदम बाहेर आलं. मुकादमाने बशी खाली ठेवली. "मैदान में खड़े होकर झूठ बोला तू," तो म्हणाला. "मेरे मैदान में." माझ्या हातातली काठी त्याने काढून घेतली. पुढे सिग्नलचा कप्तान दुसरा झाला आणि मी पुन्हा त्या मैदानात खेळलो नाही. पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी गोलकीकडे पाहत होतो. वाटलं होतं, आता तो उठेल, दोन शिव्या देईल, निदान हसेल.

तो उठला, पॅड खांद्यावर टाकले आणि माझ्यापाशी येऊन हळू म्हणाला, "इथं कायले सांगून राह्यला? यायचं काय हाय, हे उद्या दुसऱ्यावर हासतीन. माह्या बापाले सांग."

मी तसाच निघालो. बौद्धपुरा स्टेशनापासून पाच मिनिटांवर, पण मला तो रस्ता लांब वाटला. म्हातारा अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होता. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं. पळसाखाली काय बोललो, तो काय म्हणाला, करीला मी काय केलं, सगळं. "तुह्या बापाले काय समजते" हे तेवढं वगळलं. तेवढं सांगायची छाती झाली नाही.

म्हाताऱ्याचे हात थांबले. "पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.

"त्या दिवशी घरी आल्यावर म्या त्याले इचारलं होतं," तो म्हणाला. "म्या मनलं, तुहा पाय सरकताना म्या पायला, खरं काय ते सांग. पोरगा मान खाली घालून उभा राह्यला. तुह्यं नाव नाई घेतलं त्यानं." दोराचा पीळ त्याच्या हातातून सुटत होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "एक वरीस झालं. म्या त्याच्या हातचं पानी पेलो नाई. ड्युटीवरून येऊन माठातलं पानी भरून आनून देये तो, आन् म्या तोंड फिरवत होतो. पानी न घेनं काय असते, हे मले कोनी शिकवाले पायजे काय? आन् तेच म्या माह्या पोरासंग केलं."

म्हातारा उठला, दोर तसाच टाकला आणि स्टेशनाच्या दिशेने चालू लागला. आधी सावकाश, मग भराभर, त्या वयात माणूस चालत नाही इतका भराभर. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

मी अंगणात एकटाच उभा होतो. गोलकीची आई दारात होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती मला जायला सांगेल. ती आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन बाहेर आली, घरी आलेल्या माणसाला देतात तसं पाणी घेऊन. मैदानावर आम्ही सगळे एकाच माठातलं पाणी प्यायचो. पण इतक्या वर्षांत त्यांच्या घरी जाऊन मी कधी पाणी प्यायलो नव्हतो. त्यांनी कधी दिलं नव्हतं, मी कधी मागितलं नव्हतं, आणि का ते दोघांनाही माहीत होतं. ती पेला पुढे करून उभी राहिली. तो घ्यायची माझी लायकी नव्हती, आणि घेतला नसता तर काय झालं असतं हे मी नुकतंच ऐकलं होतं. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच, तिच्यासमोर, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलेली नाही.